थांबवलेली प्रेस खाली आली

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर जेवताना, करमणूक म्हणून. एकावरही विश्वास ठेवला नव्हता. आमच्या घरात करणी, उतारा, बाहेरचं असलं काही कधी नव्हतंच. पप्पा वीज खात्यात होते. घरातला दिवा आपोआप लागला तर ते हात जोडणार नाहीत, स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्विचबोर्ड उघडतील. मीही तशीच. त्यात शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठीत एवढं लांब लिहायची सवय नाही. आणि बोलायची तर कुठल्याच भाषेत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं लिहिते...

मी जळगावची, पिंप्राळ्यात घर. नोकरी धुळ्याला, एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत. सोमवारी सकाळच्या एसटीने जायचं, शनिवारी परत. आमची कंपनी जिनिंग फॅक्टऱ्यांसाठी कंट्रोलर बनवते. म्हणजे कापसाच्या गाठी बांधायची जी मोठी हायड्रॉलिक प्रेस असते, तिचा मेंदू. प्रेसमध्ये एक पोलादी पेटी असते, पेटीत कापूस भरतात आणि वरून रॅम – माणसाच्या उंचीचा लोखंडी ठोकळा – खाली येऊन तो दाबतो. फुगलेला ढीगभर कापूस ट्रंकेएवढा होतो. त्या दाबाखाली दुसरं काय काय होऊ शकतं, हे लिहायची गरज नाही.

ऑफिसच्या मागच्या शेडमध्ये टेस्टिंगसाठी अशी एक जुनी प्रेस होती. तिच्याशेजारी टेबल टाकून मी बसायचे. सॉफ्टवेअरची माणसं दोनच, मिलिंद सर आणि मी. आणि प्रेस चालवायला हिंमतनाना.

हिंमतनाना सोनगीरकडचे. पन्नाशीचे, आडवे, आवाज असा की पत्र्याला कंप यावा. मी गप्प बसते याची त्यांना फार मजा वाटायची.

"काय वं ताई, आज बी मौन शे का?" रोज सकाळी हेच.

मी हसायचे फक्त.

"सर, हिले पगार कशाना देतस? बोलाना तर नही!"

मिलिंद सर लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणायचे, "नाना, तुम्ही दोघांचं बोलता म्हणून भागतंय."

नानांची एक सवय मात्र मला पहिल्या दिवसापासून अंगावर यायची. रॅम खाली घ्यायच्या आधी ते पेटीचं दार उघडायचे, आत वाकायचे आणि हाक मारायचे, "निंघ रे किसन, भायेर निंघ." मग दार लावून, पान्ह्याने पेटीवर ठोकून, बटण दाबायचे. दर वेळी. दिवसातून कितीही वेळा रॅम खाली येवो.

किसन त्यांचा धाकटा भाऊ. हे त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितलं, कांदे कितीला गेले ते सांगावं तशा आवाजात. दोघं भाऊ दोंडाईचाजवळच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. एकदा पेटीत कापूस अडकला. प्रेस थांबवली होती, बाहेरून आलेले इंजिनिअर तपासत होते. किसन अडकलेला कापूस काढायला पेटीत उतरला... आणि रॅम खाली आला. "व्हॉल्व लीक व्हयना" असं कागदावर लागलं. जिनिंग पुढे बंद पडली, मालकाने यंत्रं विकली, आमच्या शेठनी प्रेस टेस्टिंगसाठी उचलली. तिच्याबरोबर हिंमतनानाही आले.

"म्हणजे... हीच?" मी विचारलं. बहुतेक तो मी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न.

"हीच," नाना म्हणाले. "दुसराना हातमा कशी देऊ?"

तो बाहेरून आलेला इंजिनिअर कोण, हे त्यांना माहीत होतं. मिलिंद सर. सगळ्यांनाच माहीत होतं. व्हॉल्व लीक झाल्यावर इंजिनिअर काय करणार, असं म्हणून ते मिटलं होतं. उलट सर नानांना सांभाळून घ्यायचे आणि नानाही दुपारी डब्यातलं कळण्याच्या भाकरीचं चतकोर सरांपुढे ठेवायचे.

आता माझं काम. थोडं टेक्निकल आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डीबगर म्हणजे चालू प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याच्या आत डोकावायचं साधन. प्रोग्राम थांबलेला असताना त्यातलं एखादं फंक्शन हाताने बोलावताही येतं. म्हणजे बाकी सगळं झोपलेलं, फक्त एकालाच उठवून विचारायचं, "रॅम कुठे आहे?" ते उत्तर देतं, पुन्हा झोपतं. आमचा डीबगर मिलिंद सरांनी सुरुवातीच्या काळात स्वतः लिहिलेला. त्यात फंक्शनला माहिती देताना दोन गोष्टी वेगवेगळ्या पाठवायच्या: माहितीची रांग कुठून सुरू होते आणि रांगेत किती जण आहेत. हा दुसरा आकडा माणूस लिहितो, आणि माणूस चुकतो.

पंगतीचं उदाहरण देते. वाढप्याला सांगितलं, इथून सुरू कर आणि चौघांना वाढ. बसलेत तिघंच. माणूस असेल तर थांबेल. कॉम्प्युटर थांबत नाही, चौथ्या जागेवर जे काही असेल – भिंत, चप्पल, मांजर – त्याला वाढून पुढे जातो. त्यावर उपाय म्हणजे रांग आणि तिचं टोक एकाच गाठोड्यात बांधून द्यायचं. त्याला अ‍ॅरे व्ह्यू म्हणतात. मग टोकाच्या पलीकडे कोणी हात घातला की डीबगर तिथेच काम नाकारतो. जुन्या कोडमधली अशी प्रत्येक जागा शोधून बदलायची, हे माझं काम होतं. कंटाळवाणं. मला आवडायचं.

मे महिना होता. जिनिंगचा सीझन संपलेला, शेडचा पत्रा तापलेला, पंख्याचा वारा भट्टीसारखा. एका सकाळी मी डीबगरची नवीन बिल्ड, म्हणजे माझे बदल घातलेली आवृत्ती, प्रेसच्या कंट्रोलरला जोडून "रॅम कुठे आहे?" विचारलं आणि डीबगरने नकार दिला. रांगेत तिघं आहेत, तुम्ही चौथा मागताय.

चूक सापडायला वेळ लागला नाही. सरांच्या जुन्या मांडणीत रांगेच्या पहिल्या जागेवर फंक्शन स्वतः बसायचं आणि त्याच्यामागे त्याला द्यायच्या तीन गोष्टी. मोजताना सरांनी यजमानालाही पाहुण्यांत धरलं होतं. त्यामुळे रांग संपल्यावर पलीकडे मेमरीत पडलेला कुठलातरी कचरा चौथी गोष्ट म्हणून आत जायचा. आणि या फंक्शनला चौथी गोष्ट चालायची. ती दिली, तर ते तिला उंची समजून रॅम आधी तिथे नेऊन मग मोजायचं.

इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, कारण कचऱ्यातला आकडा बहुतेक वेळा अशक्य असतो आणि कंट्रोलर तो झिडकारून टाकतो. पण कधीतरी एकदा तो शक्यतेतला निघाला तर... थांबवलेली प्रेस चालेल.

मी दुसऱ्या कंट्रोलरवर तपासलं. चौथ्या जागेवर दर वेळी वेगळा, निरर्थक आकडा. अपेक्षित होतं तसंच. मग परत प्रेसच्या कंट्रोलरवर आले. तिथे आकडा व्यवस्थित होता. पेटीच्या तळापासून वीतभर वर. मी कंट्रोलर बंद करून परत चालू केला – तोच आकडा. मेमरी पुसली – तोच आकडा. याच प्रेसला सर जुन्या डीबगरमधून येता-जाता हाच प्रश्न विचारायचे आणि आमच्याकडे आल्यापासून ती कधी हलली नव्हती, म्हणजे तेव्हा तिथे हा आकडा नसणार. मग आता कुठून आला?

त्याचं उत्तर मला आजही माहीत नाही, आणि तेव्हा मी त्यावर फार विचारही केला नाही. माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी जुळत होतं.

जेवणानंतर शेडमधली बाकीची माणसं टपरीवर गेली. हिंमतनाना पेटीचं दार उघडं टाकून आतल्या कडेला ग्रीस लावत होते. सर माझ्या टेबलाशी आले. मी मुद्दाम इंग्लिशमध्ये, हळू बोलले. चूक दाखवली. सर वाचत राहिले. मग मी विचारलं, ही चूक किती जुनी आहे? पहिल्या व्हर्जनपासून?

सरांच्या चेहऱ्याचा रंग गेला. ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. माझ्याकडे बघत नव्हते. आणि मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी पोझिशन विचारली होती... फक्त पोझिशन विचारली होती गं. किसन आत होता आणि मी – म्हणजे व्हॉल्व नव्हता. मी होतो."

ग्रीसचा डबा खाली पडल्याचा आवाज आला.

हिंमतनाना पेटीपाशी उभे होते. "काय म्हणनात?"

सर उठले. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं माझ्या मनात आलं, आणि ते बोलले नाहीत. "नाना, बसा. मला आत्ताच कळलंय. किसनचं... माझ्या प्रोग्राममध्ये चूक होती."

नाना चालत आले. पळत नाही, चालत. हातात पान्हा होता, हातभर लांब. त्यांनी तो सरांच्या तोंडावर मारला.

असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. सर टेबलावर आदळले, माझी पाण्याची बाटली उडाली. त्यांच्या ओठातून आणि नाकातून रक्त आलं, दाताचा तुकडा माझ्या कीबोर्डवर पडला. नानांनी दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा पाठीवर. सर हात वर करत नव्हते. तेच जास्त भयंकर होतं.

"मना घर येस तू! मनी मायना हातनं जेवना तू!" नाना ओरडत होते. "तूच मारं त्याले!"

मी ओरडायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडून फक्त हवा आली.

नानांनी सरांची कॉलर धरून त्यांना फरशीवरून ओढत प्रेसपर्यंत नेलं. मागे रक्ताचा पट्टा. गुडघ्यावर बसवलं, त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत पेटीच्या दारातून आत घातला आणि स्वतःचं सगळं वजन त्यांच्या पाठीवर टाकलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या माणसाला मी ओळखत नव्हते.

"ताई. जे त्यानी तव्हय करं, ते कर."

मी मान हलवली. नाही.

"कर! नहीतर याना डोकाच फोडस!" त्यांनी पान्हा सरांच्या कानाशी उगारला.

प्रोग्राम थांबलेला होता. डीबगर जोडलेला होता. सकाळची आज्ञा स्क्रीनवर तशीच होती. मला एक गोष्ट पक्की माहीत होती: ही नवीन बिल्ड आहे आणि ती नकार देणार. नाही म्हणत राहिले तर पान्हा खाली येईल. एंटर दाबला तर काहीच होणार नाही, आणि कदाचित नानांचा राग तिथे संपेल. हे सगळं लिहायला वेळ लागतोय. तेव्हा एका श्वासात ठरलं.

मी एंटर दाबला.

नकार. रांगेत तिघं आहेत, तुम्ही चौथा मागताय.

रॅम वर होता तिथेच राहिला. शेडमध्ये फक्त पंपाची घरघर.

"नाना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "ती येणार नाही. मी ते बंद केलंय. आता कोणीही विचारलं तरी ती येणार नाही. कोणीच मरणार नाही आता तसं."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या हातातला पान्हा निसटला. ते सरांच्या पाठीवरून उठले, दोन पावलं मागे सरकले आणि खाली बसून लहान मुलासारखे रडायला लागले. मी टेबलाला धरून उभी होते. मला वाटलं, संपलं.

"हात," सर म्हणाले. तोंडात रक्त असल्यामुळे नीट कळत नव्हतं. "माझा हात निघत नाहीये."

मला वाटलं खांदा मोडला असेल. मी पुढे झाले. सर दोन्ही पाय पेटीला रोवून मागे रेटत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि हात जागचा हलत नव्हता.

"अडकला नाहीये," ते म्हणाले. "धरलाय."

तेवढ्यात पंपाचा आवाज बदलला. त्या शेडमध्ये बसणाऱ्या कोणालाही तो बदल झोपेतसुद्धा कळेल. पंपावर भार आल्यावर घरघर खोल जाते. मी वर बघितलं. रॅम खाली येत होता.

मी स्क्रीनकडे बघितलं. प्रोग्राम थांबलेला. त्याच ओळीवर. नकाराचा मेसेज तसाच. व्हॉल्व उघडायचा हुकूम देणारं तिथे कोणी जागंच नव्हतं.

लाल इमर्जन्सी बटणावर मी हात आपटला. रॅम येत राहिला. मी भिंतीकडे धावले आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, ट्यूबलाइट विझली, पंप बंद पडला. एकदम शांतता. त्या शांततेत, दारातून येणाऱ्या दुपारच्या उजेडात, रॅम खाली येत होता. आवाज न करता.

सर किंचाळायला लागले.

हिंमतनाना उठले. पेटीकडे झेपावले, सरांना कमरेला धरून खेचलं. नाही. मग त्यांनी पेटीच्या दारात तोंड घातलं.

"सोड त्याले! किसन! मी सांगस तुले, सोड!"

रॅम पेटीच्या तोंडात शिरला.

"अरे सोड रे! त्याले माहीत नव्हतं! सोड ना भाऊ..."

मग त्यांनी स्वतःचा हात आत घातला, सरांच्या हाताला लागून, खांद्यापर्यंत. "त्याना नको. मना ले. मी शे ना. मना ले."

सर एकदम मागे फेकले गेले, दोर तुटावा तसे. त्यांचं डोकं फरशीवर आपटलं. पण हात बाहेर होता, अख्खा होता. मी ओरडले, "नाना, निघा!" नाना निघू शकत होते. त्यांचं शरीर मोकळं होतं, पाय मोकळे होते. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता आणि त्यावर वेदना नव्हती, भीतीही नव्हती. ते काहीतरी ऐकत असल्यासारखे दिसत होते.

रॅम तळापर्यंत गेला.

हाड मोडल्याचा आवाज उसासारखा येतो... यापुढे नाही लिहिता येणार. पेटीच्या फटीतून रक्त आणि ग्रीस बाहेर आलं. नाना ओरडले नाहीत. मीच ओरडत होते, टपरीवरून माणसं धावत येईपर्यंत.

आणि मग रॅम वर गेला. मेन स्विच खाली होता. माझा हात अजून त्यावरच होता. पंप बंद असताना एवढा टनावारी ठोकळा वर उचलायला काहीच नसतं, कोणीही मेकॅनिक सांगेल. आत धावत आलेल्यांपैकी दोघांनी तो वर जाताना बघितला. नंतर त्यातला एक म्हणाला की गडबडीत नीट दिसलं नाही.

नानांचा हात खांद्यापासून काढावा लागला. सरांचे तीन दात गेले, खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नर्सने सरांच्या हातावरचं रक्त पुसलं तेव्हा मी तिथे होते. मनगटावर चार बोटं आणि अंगठा उठला होता, काळानिळा. नर्स म्हणाली, "कोणी ओढत होतं का?" पान्हा मारणाऱ्या नानांच्या बोटांचे वळ असतील असं मीही आधी धरून चालले. पण नानांनी सरांचा हात खांद्याजवळ धरला होता, बाहेरून. मनगट पेटीच्या आत होतं. आणि बोटांची टोकं कोपराकडे वळलेली होती. आतून बाहेर हात लांबवून धरलं तरच ती तशी उमटतील. मी माझ्याच मनगटावर करून बघितलं.

पोलिसांना नानांनी सांगितलं की हात चुकून गेला. सरांनी सांगितलं की मी पडलो. मला विचारलं तेव्हा मी मशीन बंद होती एवढंच सांगितलं, आणि ते खरं होतं. किसनच्या मृत्यूबद्दल मात्र सरांनी बरे झाल्यावर स्वतः जाऊन जबाब दिला. ते प्रकरण चालू आहे, त्यावर मी लिहिणार नाही.

शेठनी हायड्रॉलिकची माणसं बोलावली. त्यांनी सगळे व्हॉल्व उघडून बघितले. एकही लीक नव्हता. सील कोरडे होते. पप्पांनाही मी सगळं सांगितलं. ते एका रविवारी माझ्याबरोबर धुळ्याला आले, शेठची परवानगी घेऊन त्यांनी मेन स्विचपासून पंपापर्यंत प्रत्येक वायर हाताने तपासली. परत येताना पारोळ्याजवळ म्हणाले, "बेटा, स्विच बरोबर आहे." एवढंच.

चौथ्या जागेवरचा तो आकडा मी नंतर पुन्हा बघितला. आता तिथे कचरा आहे. दर वेळी वेगळा.

पावसाळ्यात मी हिंमतनानांना भेटायला त्यांच्या गावी गेले. हायवेवर उतरून आत चालत जावं लागतं. नाना ओट्यावर बसले होते, उजवी बाही गाठ मारलेली. मला बघून आत ओरडले, "चहा ठेव वं, मुकी ताई उनी!" मग डाव्या हाताने सतरंजी सरकवली.

त्यांनी सरांची चौकशी केली. जेवता येतं का, दात बसवले का. मी सांगितलं. नाना गप्प बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते. जे विचारायला आले होते ते विचारायला चहा संपावा लागला.

"नाना, तुम्हाला निघता आलं असतं ना?"

त्यांनी मान हलवली. हो.

"मग त्याने तुम्हालाही धरलं होतं?"

नाना रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, लहान असताना किसनला हायवे ओलांडायची भीती वाटायची. ट्रक यायचे. मग तो नानांचं बोट नाही, सगळं मनगट पकडायचा, दोन्ही हातांनी. पेटीत हात घातला तेव्हा पहिल्यांदा त्यांना तसंच वाटलं. तीच पकड. लगेच कळलं. पण सर सुटले, आणि त्यानंतर ती पकड सैल झाली.

"तो मले भायेर लोटे, ताई," नाना म्हणाले. "जोर लाईसन लोटे. निंघ म्हने."

मी कप सतरंजीवर ठेवला.

"मीच सोडं नही त्याले."

आतून त्यांची बायको कपबश्या न्यायला बाहेर आली. मी उठले. मी इंजिनिअर आहे, माझ्याकडे व्हॉल्वचा रिपोर्ट आहे, स्क्रीनचा लॉग आहे, सरांच्या मनगटाचा फोटो आहे. या तिन्हींपैकी एकही गोष्ट दुसरीशी जोडता येत नाही. वाचकांपैकी कोणाला जमलं तर जरूर कळवा, मी मनापासून विचारतेय. त्या दिवशी ओट्यावर मात्र मी फक्त वाकून नमस्कार केला. नानांचा उरलेला हात माझ्या डोक्यावर क्षणभर टेकला, आणि मी हायवेकडे चालू लागले.